'रन'चे ६४५ अर्थ: एक छोटंसं इंग्रजी क्रियापद एवढं मोठं कसं झालं?

'इंग्रजीत सर्वाधिक अर्थ असलेला शब्द कोणता?' या प्रश्नाचं उत्तर देणारी एक यादी गेली अनेक वर्षं सोशल मीडियावर फिरते आहे. यादीत पहिला नंबर असतो 'सेट'चा, ४६४ अर्थांसह. दुसरा नंबर 'रन'चा, ३९६ अर्थांसह. दर काही महिन्यांनी ती नव्या टेम्प्लेटमध्ये, नव्या रंगात परत येते आणि तितक्याच उत्साहानं फॉरवर्ड होते.

ही यादी आता जुनी झाली आहे. 'सेट'चा मुकुट केव्हाच गेला. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संपादकांनी 'रन' या क्रियापदाची नोंद नव्यानं लिहून काढली, तेव्हा तिच्यात तब्बल ६४५ अर्थ भरले. शाळेत आपण पाठ केलेलं 'रन म्हणजे धावणे' हे त्यातलं फक्त एक.

मग बाकीचे अर्थ आले कुठून? आणि ते माहीत नसले तर काय बिघडतं? कोर्टाचा निकाल वाचताना किंवा अपघाताची नुकसानभरपाई मागताना बरंच काही बिघडू शकतं. पण आधी आकड्याचं बघू.

६४५ हा आकडा कुणी मोजला?

ऑक्सफर्डच्या या महाकोशाची कल्पना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ मध्ये मांडली गेली. १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी संपादनाची सूत्रं घेतली, १८८४ मध्ये पहिला भाग छापून आला आणि शेवटचा भाग यायला १९२८ उजाडलं. तोवर मरे यांचं निधन होऊनही तेरा वर्षं झाली होती. कोशाची पद्धत अशी की, प्रत्येक शब्द छापील मजकुरात कुठे कसा वापरला गेला, त्याची उदाहरणं चिठ्ठ्यांवर उतरवायची. मग त्या चिठ्ठ्यांचे अर्थानुसार गठ्ठे लावायचे. आधीचा अर्थ आधी, नंतरचा नंतर. वापरातून गेलेले अर्थही टाकायचे नाहीत.

कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये वीस खंडांत आली. तिच्यात 'सेट' या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ होते आणि ती एकटी नोंद जवळपास ६० हजार शब्दांची होती. म्हणजे एका शब्दाची माहिती एखाद्या कादंबरीएवढी! 'सर्वाधिक अर्थांचा शब्द' ही 'सेट'ची कीर्ती पसरली ती इथूनच.

त्यानंतर कोश इंटरनेटवर आला आणि २००० पासून तिसऱ्या आवृत्तीसाठीची सुधारित पानं तिथे प्रसिद्ध होऊ लागली. गंमत म्हणजे संपादकांनी सुरुवात 'ए'पासून केली नाही, 'एम'पासून केली. पहिल्या आवृत्तीच्या सुरुवातीच्या अक्षरांत कामाची पद्धत बसायची होती, मधल्या अक्षरांपर्यंत ती बसली होती. त्यामुळे आधी बसलेला भाग हाती घेतला. साहजिकच 'आर'चा नंबर लवकर लागला आणि 'रन'ची नोंद पीटर गिलिव्हर या संपादकाकडे आली. हा एक शब्द पूर्ण करायला त्यांना नऊ महिने लागले.

२०११ मध्ये लेखक सायमन विंचेस्टर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये यावर लेख लिहिला आणि ६४५ हा आकडा जगभर गेला. (याच कोशाच्या जन्माची गोष्ट सांगणारं 'द प्रोफेसर अँड द मॅडमन' हे पुस्तक त्यांचंच.) विंचेस्टर यांचं म्हणणं थोडक्यात असं, की 'सेट' हा स्थिर, जागच्या जागी बसवलेल्या काळाचा शब्द होता, तर 'रन' हा यंत्रांच्या, धावपळीच्या काळाचा शब्द आहे. हे म्हणणं आकर्षक आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण 'रन'ची गोष्ट यंत्रांच्या खूप आधी सुरू होते.

आधी पाय, की आधी पाणी?

जुन्या इंग्रजीत या शब्दाची 'रिनन', 'इर्नन' अशी रूपं होती. त्यांत स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेतलं 'रेन्ना' मिसळलं. जर्मन ही इंग्रजीची नात्यातली भाषा. तिच्यात आजही दोन वेगळी क्रियापदं आहेत: 'रेनेन' म्हणजे पळणं आणि 'रिनेन' म्हणजे ओघळणं, वाहणं. इंग्रजीत ही दोन्ही कामं एकाच शब्दाकडे राहिली. म्हणजे माणसाच्या पायांचं पळणं आणि पाण्याचं वाहणं हे दोन्ही अर्थ 'रन'मध्ये अगदी सुरुवातीपासून आहेत.

आपल्याकडेही असंच काहीसं होतं. मराठीतलं 'धावणे' संस्कृतच्या 'धाव्' धातूवरून आलं आणि त्या धातूचा अर्थ संस्कृत कोशांत पळणं तर आहेच, शिवाय वाहणंही आहे. मराठीनं त्यातले पाय ठेवले आणि पाण्यासाठी 'वाहणे' हे वेगळं क्रियापद वापरलं. नदी समुद्राकडे 'धाव घेते', पण ती कवितेत. नळाचं पाणी धावत नाही.

'रन म्हणजे धावणे' हे समीकरण पहिल्यांदा मोडतं ते इथेच. इंग्रजीत नळ 'रन' होतो, मराठीत तो चालू असतो. इंग्रजीत सर्दी झालेलं नाक 'रन' होतं, मराठीत ते वाहतं किंवा गळतं. धुतल्यावर कापडाचा रंग 'रन' होतो, मराठीत रंग जातो. ओल्या कागदावर शाई 'रन' होते, मराठीत ती फुटते. इंग्रजी माणसाला या सगळ्यात एकच चित्र दिसतं: पातळ काहीतरी आपल्या जागेवरून सरकलं. मराठीत प्रत्येक वेळी काय बिघडलं ते वेगळं सांगावं लागतं.

जे हलत नाही, तेही धावतं

पुढची पायरी आणखी मजेची आहे. तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर पसरलेला पश्चिम घाट इंग्रजी पुस्तकात किनाऱ्याला समांतर 'रन' होतो. डोंगर काही हलत नाहीत. हलते ती बघणाऱ्याची नजर. कुंपण, रेल्वेरूळ, पाठीवरची जखमेची खूण, साडीचा काठ, असं लांबलचक काहीही इंग्रजीत 'रन' होऊ शकतं. हे विचित्र वाटत असेल तर मराठीतलं साधं वाक्य आठवा: 'हा रस्ता कुठे जातो?' रस्ताही कुठे जात नसतोच.

जागेवरून हे काळावर सरकलं. करार अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत 'रन' होतो. बैठक ठरल्यापेक्षा जास्त वेळ 'रन' होते. नाटक, सिनेमा 'रन' होतो. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' हे नाटक २५ नोव्हेंबर १९५२ ला सुरू झालं आणि मध्ये कोरोनाचा खंड सोडला तर ते सुरूच राहिलं. मुंबईच्या मराठा मंदिरमध्ये 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' १९९५ मध्ये लागला आणि त्यानं हजार आठवड्यांचा टप्पा ओलांडला. दोन्हींबद्दल इंग्रजी बातमीत 'रन' हाच शब्द येतो.

मराठीत इथे 'चालला' येतं, पण त्यात एक जास्तीची छटा आहे. 'पिक्चर चालला का?' या प्रश्नाला कुणी 'तीन आठवडे' असं उत्तर देत नाही. 'चालला' म्हणजे धंदा झाला, 'नाही चालला' म्हणजे पडला. इंग्रजी 'रन'मध्ये यश आपोआप येत नाही. पडलेला सिनेमासुद्धा एक आठवडा 'रन' होतोच.

मग यंत्रं आली

विंचेस्टर यांचा मुद्दा खरा ठरतो तो इथून पुढे. गिरण्या आल्या, वाफेची इंजिनं आली, रेल्वे आली. या सगळ्या वस्तू दमल्याशिवाय, सलग, एका लयीत काम करत होत्या आणि इंग्रजीनं त्या कामाला 'रन' म्हटलं. घड्याळ, इंजिन, पंखा, फ्रिज, सगळं 'रन' होऊ लागलं. आणि जे 'रन' होतं, ते कुणीतरी 'रन' करतंही. यंत्र 'रन' करणारा माणूस पुढे कारखाना 'रन' करू लागला, कारखाना 'रन' करणाऱ्यावरून हॉटेल, शाळा, संस्था आणि देश 'रन' करण्यापर्यंत मजल गेली. छापखान्याचं यंत्र 'रन' होतं, म्हणून वर्तमानपत्र बातमी 'रन' करू लागलं. संगणक आल्यावर प्रोग्राम 'रन' होऊ लागला.

या टप्प्यावर मराठी वाचकाला एक सोय आहे. यंत्रापासून देशापर्यंतच्या या सगळ्या 'रन'ला मराठीत एकच जोडी पुरते: चालणे आणि चालवणे. मशीन चालतं, दुकान चालतं, घर चालतं, सरकार चालतं. ते कुणीतरी चालवतं. टीव्हीच्या न्यूजरूममध्येही 'ही बातमी चालवा' असंच म्हणतात.

फरक आहे तो रूपात. मराठीत आपोआप होणाऱ्या क्रियेला 'चालणे' आणि दुसऱ्यानं घडवून आणलेल्या क्रियेला 'चालवणे' अशी दोन रूपं आहेत. व्याकरणात याला प्रयोजक क्रियापद म्हणतात. इंग्रजीत 'शॉप रन्स' आणि 'शी रन्स द शॉप' या दोन्हीकडे शब्द तोच राहतो. नुसती जागा बदलली की अर्थ बदलतो. 'रन'चे अर्थ फुगण्यामागे हे एक साधं, कमी बोललं जाणारं कारण आहे. मराठीनं जे काम 'व' या अक्षरावर सोपवलं, ते इंग्रजी कोशाला वेगळा अर्थ म्हणून नोंदवावं लागतं.

दुसरं कारण म्हणजे 'रन'च्या मागे लागणारे छोटे शब्द. 'रन आउट' म्हणजे संपणं: घरातलं दूध, खिशातले पैसे, परीक्षेतला वेळ. 'रन इंटू' म्हणजे अचानक भेट होणं, पण कर्ता गाडी असेल तर धडकणं. 'रन ओव्हर' म्हणजे अंगावरून गाडी जाणं, पण भाषणाच्या बाबतीत वेळेपेक्षा लांबणं. 'रन डाउन' म्हणजे बॅटरी उतरणं, आणि माणसाच्या बाबतीत त्याला नावं ठेवणं. 'रन अप' म्हणजे उधारी वाढवून ठेवणं. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत अशा शब्दजोड्यांच्या लांबच लांब याद्या असतात आणि विद्यार्थी त्या पाठ करतात. खरं तर त्यापेक्षा 'काय रन होतंय?' हा एक प्रश्न जास्त उपयोगी पडतो. दूध, गाडी, बॅटरी, भाषण. कर्ता कळला की निम्मा अर्थ तिथेच हाती येतो.

काही वापर मात्र या कुठल्याच साखळीत सहज बसत नाहीत. ताप आला की इंग्रजी माणूस 'टेम्परेचर रन' करतो. धोका पत्करला की 'रिस्क रन' करतो. मधुमेह घराण्यात असेल तर तो 'फॅमिलीत रन' होतो. डॉक्टरांच्या फॉर्मवर हा शेवटचा प्रश्न येतो, आणि तिथे धावण्याचा काहीही संबंध नसतो.

निवडणुकीला धावायचं, उभं राहायचं की लढायचं?

अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो. ब्रिटनमध्ये तो 'स्टँड' करतो, म्हणजे उभा राहतो. मराठीत आपण 'निवडणुकीला उभा राहिला' म्हणतो, शिवाय 'निवडणूक लढवली' असंही म्हणतो. धावणं मात्र आपल्याकडे प्रचारापुरतंच.

अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला 'रनिंग मेट' म्हणतात, तो शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आला. एकाच तबेल्यातल्या दुसऱ्या घोड्याला वेग धरून देण्यासाठी सोबत पळवला जाणारा घोडा म्हणजे 'रनिंग मेट'. उपाध्यक्षांना हे कितपत आवडत असेल, कोण जाणे.

कोर्टातला 'रन' समजला नाही तर?

आता मुद्द्याची गोष्ट. भारतातले कायदे आणि निकाल मोठ्या प्रमाणावर इंग्रजीत आहेत, आणि तिथे 'रन' हा शब्द माणसाच्या आयुष्याची वर्षं ठरवतो.

एका आरोपीला एकाच खटल्यात दोन गुन्ह्यांसाठी शिक्षा झाली, समजा एकासाठी पाच वर्षं आणि दुसऱ्यासाठी तीन. निकालात या शिक्षा 'रन कन्करंटली' असं लिहिलं असेल, तर दोन्ही एकाच वेळी भोगायच्या. म्हणजे तुरुंगात पाच वर्षं. 'रन कॉन्सेक्युटिव्हली' लिहिलं असेल, तर एक संपल्यावर दुसरी सुरू. म्हणजे आठ वर्षं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१ नुसार कोर्टानं वेगळं सांगितलं नाही तर शिक्षा एकामागून एक भोगाव्या लागत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५ मध्ये गुन्ह्यांचं गांभीर्य बघून कोर्टानं हे स्पष्ट करायचं आहे. बातमीत दोन आकड्यांची बेरीज करून 'आठ वर्षांची शिक्षा' असा मथळा दिला आणि निकालात 'कन्करंटली' असेल, तर मथळा तीन वर्षांनी चुकतो.

असाच 'रन' १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात आहे. कलम ९ सांगतं की, एकदा मुदतीचा काळ 'रन' होऊ लागला की त्यानंतर आलेली असमर्थता तो थांबवू शकत नाही. हातउसने दिलेले पैसे वसूल करण्यासाठी दावा करायचा तर साधारणपणे पैसे दिल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. समजा पैसे देणाऱ्याचं मानसिक संतुलन एक वर्षानं बिघडलं. तरी घड्याळ थांबत नाही, कारण ते आधीच सुरू झालेलं असतं. इथे कुणी धावत नाही. धावते ती मुदत, आणि ती संपली की हक्काचे पैसे असूनही कोर्टाचं दार बंद होतं.

तिसरं उदाहरण मराठी बातम्यांत जवळपास रोज दिसतं: 'हिट अँड रन'. इथे 'रन' म्हणजे पळून जाणं, असं आपण समजतो. बातमीपुरतं ते बरोबरही आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ मध्ये याची व्याख्या वेगळी आहे. वाजवी प्रयत्न करूनही ज्या वाहनाची ओळख पटू शकली नाही, अशा वाहनामुळे झालेला अपघात म्हणजे 'हिट अँड रन'. चालक पळाला की थांबला, हा या व्याख्येचा निकषच नाही. चालक पळाला, पण सीसीटीव्हीत गाडीचा नंबर मिळाला, तर नुकसानभरपाईच्या दृष्टीनं ती 'हिट अँड रन' केस राहत नाही.

हा फरक कागदी नाही. कलम १६१ खालच्या योजनेत १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये आणि गंभीर जखमेसाठी ५० हजार रुपये अशी ठरावीक रक्कम मिळते. गाडीची ओळख पटली तर मार्ग बदलतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाऊन चालक, मालक आणि विमा कंपनीविरुद्ध दावा करता येतो, आणि तिथे मृताचं वय, कमाई, अवलंबून असलेली माणसं बघून रक्कम ठरते. ती बहुतेकदा कितीतरी मोठी असते. बातमीत 'हिट अँड रन' छापून आलं म्हणून घरच्यांनी ठरावीक रकमेवर समाधान मानण्याआधी गाडीचा नंबर पोलिसांच्या कागदात आला आहे का, हे बघणं महत्त्वाचं.

कोर्टाबाहेरचा एक धोकादायक 'रन' बँकेतला. बँकेवरचा विश्वास उडून सगळे ठेवीदार एकदम पैसे काढायला गेले, की त्याला 'बँक रन' म्हणतात. पूर्वी लोक खरोखर धावत जायचे, बँकेबाहेर रांगा लागायच्या. ९ मार्च २०२३ ला अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेच्या ग्राहकांनी एका दिवसात सुमारे ४२ अब्ज डॉलर काढण्याच्या सूचना दिल्या, त्यातल्या बऱ्याचशा ऑनलाइन. दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. जुना शब्द तोच राहिला, फक्त पायांऐवजी बोटं धावली.

मराठीत राहायला आलेला 'रन'

क्रिकेटमुळे 'रन' मराठीत आला आणि 'धाव' झाला. इथे भाषांतर अगदी चपखल बसलं: धाव, धावा, धावफलक, धावगती, धावबाद. पण चेंडू थेट सीमारेषेबाहेर गेला तर फलंदाज जागचा हलत नाही, तरी चार 'धावा' मिळतात. क्रिकेटच्या सुरुवातीच्या काळात धावा मोजायला लाकडी काठीवर खाचा पाडत आणि धावांना 'नॉच' म्हणजे खाच असंच म्हणत. तो शब्द टिकला असता तर आज आपण 'सचिनच्या खाचा' मोजल्या असत्या!

रेडिओमुळे 'रनिंग कॉमेंटरी' आली आणि तिचं 'धावतं समालोचन' झालं. 'धावती भेट', 'धावता आढावा' हेही रुळले आहेत. मुंबईकरांच्या तोंडी 'धावती लोकल' असतेच. सुतारकामात, फर्निचरच्या कोटेशनमध्ये 'रनिंग फूट' असतो, म्हणजे रुंदी न धरता नुसत्या लांबीवर लावलेला दर. नव्या घराचं काम काढणाऱ्यांनी हा शब्द नीट समजून घ्यावा, कारण चौरस फूट आणि रनिंग फूट यांच्या गोंधळात अंदाजपत्रक कुठल्या कुठे जातं. जुन्या गाडीच्या जाहिरातीत 'रनिंग कंडिशन' असतं. त्याचा अर्थ गाडी सुरू होते आणि चालते, एवढाच. ती चांगली आहे, असा नाही.

मग ६४५ हा आकडा खरा मानायचा का?

ऑक्सफर्डच्या मोजणीप्रमाणे तो खरा आहे. पण अर्थ हे खिशातल्या नाण्यांसारखे मोजता येत नाहीत. हॉटेल 'रन' करणं आणि देश 'रन' करणं हा एक अर्थ, की दोन? नळाचं 'रन' होणं आणि नाकाचं 'रन' होणं एकच, की वेगळं? कोशकारांत याबाबतीत दोन स्वभाव दिसतात. काही जण सारखे अर्थ एका नोंदीत गोळा करतात, काही जण बारीक फरकानेही वेगळे करतात. ऑक्सफर्डला शब्दाचा हजार वर्षांचा इतिहास दाखवायचा असल्यामुळे तिथे आज कुणीही न वापरणारे अर्थही मोजले जातात. विद्यार्थ्यांच्या एका खंडाच्या कोशात 'रन'चे अर्थ यापेक्षा कितीतरी कमी असतात, आणि तो कोश चुकीचा नसतो.

आणखी एक गोष्ट यात मिसळू नये. मराठीत 'वर' म्हणजे नवरदेव, आशीर्वाद आणि उंचावरची जागा. 'कर' म्हणजे हात आणि सरकारला भरायचा पैसा. हे उच्चार जुळलेले शब्द आहेत, त्यांचे अर्थ एकमेकांतून सहज उलगडत नाहीत. 'रन'चं तसं नाही. तिथे एका अर्थाला फांदी फुटून दुसरा आला, दुसऱ्यातून तिसरा, आणि फांद्या मागे मागे नेल्या तर बऱ्याचशा त्या पाय आणि पाण्याच्या बुंध्याशी पोचतात.

मराठीचा 'रन' कोणता?

'चालणे' हा एक उमेदवार. घड्याळ चालतं, केस चालते, फाटकी नोट चालत नाही, डोकं चालत नाही, आणि 'चहा चालेल?' या प्रश्नातल्या 'चालेल'ला तर इंग्रजीत एका शब्दाचं उत्तर नाही. 'मारणे', 'बसणे' आणि 'पडणे'ही स्पर्धेत आहेत. पण खरा दावेदार बहुधा 'लागणे'.

भूक लागते, तहान लागते, आग लागते. नोकरी लागते, लॉटरी लागते, निकाल लागतो. फोन लागतो किंवा लागत नाही. ठेच लागते, नजर लागते, नाद लागतो. वेळ लागतो, पैसे लागतात. आंबा गोड लागतो. डोळा लागतो म्हणजे झोप येते. दार लागतं म्हणजे बंद होतं, पण सिनेमा लागतो म्हणजे सुरू होतो. तो माझा मामा लागतो. मला सकाळी चहा लागतोच. आणि हे सगळं पुरेसं नाही म्हणून 'ती बोलू लागली' यात हेच क्रियापद दुसऱ्या क्रियापदाच्या मदतीला धावतं.

मराठी शिकणाऱ्या परप्रांतीय माणसाला हे समजावून बघा. एसटी स्टँडवर 'गाडी लागली' म्हणजे बस फलाटावर आली, पळा. तीच बस तासाभरानं घाटात शिरल्यावर मागच्या सीटवरून 'गाडी लागली' ऐकू आलं, तर प्लास्टिकची पिशवी शोधायची. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या वेबसाइटवर मोफत बघता येतात. तिथे 'लागणें' शोधायचं. अनुस्वार विसरायचा नाही, कारण जुन्या कोशांत क्रियापदं तशीच लिहिली आहेत.